मावत नसेल तर रेघ ओढ

आधी माफी मागतो. एखाद्या माणसाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात लिखाण म्हणजे अर्ज. रेशनकार्डाचा, जातीच्या दाखल्याचा, मेंढ्यांना लस टोचून मिळावी म्हणून गुरांच्या दवाखान्याला केलेला. ते सगळे मीच लिहिले, कारण घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अर्ज लिहिताना एक बरं असतं. कुणाला, विषय काय, विनंती कोणती, हे आधीच ठरलेलं असतं. इथं विषय मला माहीत आहे. विनंती ज्यांना करायची होती ते आता राहिले नाहीत.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. ऑफिसात सगळे त्यांना ट्रेसरकाका म्हणत. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवून काढणाऱ्याला ट्रेसर म्हणतात. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर तेच केलं. निवृत्त झाल्यावर ते आमच्या खाजगी ऑफिसात नकाशे तपासायला येऊ लागले. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय संगणकशास्त्र, आणि दुपारनंतर त्याच ऑफिसात अर्धवेळ काम करत होतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मुक्काम पोस्ट?"

मी म्हणालो, "पिशोर."

"पिशोरात कुठं?"

"पिशोरजवळ."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जवळ हे गावाचं नाव नसतं, बरखुरदार."

मी हसून वेळ मारून नेली. आमची वस्ती धनगरांची, पंधरा-सोळा घरांची. मेंढ्या कोंडायची जी जाळी असते, तिच्यावरून वस्तीचं नाव पडलंय. कॉलेजात पहिल्या वर्षी मी ते नाव सांगितलं, तर मागच्या बाकावरची मुलं कितीतरी दिवस मला बघून मेंढरासारखी ओरडायची. तेव्हापासून मी पिशोरचा झालो. काकांनी पुन्हा दोन-तीनदा विचारलं, मी दोन-तीनदा टाळलं. मग त्यांनी विचारायचं सोडलं. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा कळलं नाही.

कारण त्यांना नावांचं वेड होतं. घराणं कारकुनांचं, आजोबा निजामाच्या दफ्तरात. काकांना मोडी यायची, उर्दू यायची, आणि बोलताना मराठीत उर्दू सहज मिसळायची. गुलमंडीच्या बाजारातून चालताना ते माणसांकडं बघत नसत, दुकानांच्या पाट्या बघत. रंगाऱ्यानं सुरुवातीला ऐसपैस अक्षरं काढून शेवटची तीन जागेअभावी दाटीनं कोंबली असली, की काका थांबत. "या बिचाऱ्याचा गळा आवळलाय," म्हणत. एकदा ते खरोखरच एका मिठाईच्या दुकानात शिरले आणि मालकाला म्हणाले, तुमच्या आडनावातला शेवटचा 'र' श्वास घेऊ शकत नाही. मालकानं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "काका, पेढा खावा अन् जावा," तो म्हणाला. काकांनी पेढा घेतला. बाहेर आल्यावर मला अर्धा दिला.

खिशात रुमालात गुंडाळलेली सहा इंची पोलादी पट्टी असायची. कुठलाही नकाशा तपासायचा तर तो भिंतीवर टांगायचा, सहा पावलं मागं यायचं, एक डोळा मिटायचा आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचं. अडखळले की नकाशा परत. ऑफिसातली माणसं त्यांच्यामागं त्या डोळा मिटण्याची नक्कल करत. मीही एकदा केली होती.

त्यांच्या जेवणाच्या डब्याला तीन कप्पे होते. प्रत्येकाच्या झाकणावर चिठ्ठी, त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर बसवलेलं नाव. पोळी. भाजी. लोणचं. तिसऱ्या कप्प्यात मी कधीच काही पाहिलं नाही. एकदा न राहवून विचारलं.

"ते ती घालायची," काका म्हणाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. "कप्पा आहे तोवर नाव राहू दे."

रविवारी ते मध्यवर्ती बसस्थानकावर जात. कुठं जायचं नसायचं. वही घेऊन फलाटावर उभं राहायचं आणि बसमध्ये चढणाऱ्याला विचारायचं, तुम्ही कुठल्या वस्तीचे? कागदावरचं नाव नको, तुम्ही घरी काय म्हणता? नकाशांवरची कितीतरी नावं कुण्या जुन्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, असं ते सांगायचे, आणि ती दुरुस्त व्हावीत असं त्यांना मनापासून वाटायचं. लोकांना ते येडे वाटत. कुणी जनगणनेवाला समजायचं, कुणी पोलिसांचा माणूस. पिशोरच्या गाडीवर एक मिशीवाला कंडक्टर होता. तो दुरूनच ओरडायचा, "काका, आज कुणाचं गाव लिहून नेताय?" काका म्हणायचे, "जनाब, तुमचं राहिलंय अजून." दोघांनाही दर वेळी तोच विनोद चालायचा.

मी कधी रविवारी घरी निघालो आणि काका आमच्या गाडीपाशी दिसले, की खिडकीला डोकं टेकवून झोपेचं सोंग घ्यायचो.

आता कामाचं सांगतो, कारण जे झालं ते कामातून झालं.

ऑफिसात दोन प्रकारची कामं येत. एक प्लॉटिंगची. शहर चहूबाजूंनी पसरत होतं. जालना रस्त्याला करमाडच्याही पुढं शेतात चुन्याच्या रेघा पडल्या होत्या, आणि बिल्डर मंडळींना आपल्या आराखड्यावर नुसत्या ठरवलेल्या बागेचंही नाव भलंमोठं हवं असायचं. दुसरं काम दुष्काळाचं. त्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता, आणि त्याच्या आधीच्या वर्षीही जेमतेमच झाला होता. शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याच्यावर लोकांचे पाहुणे ठरत होते. आमच्याकडं एका तालुक्याचा पाण्याचा नकाशा करायला आला होता. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यात प्रत्येक गाव, वाडी, तांडा, वस्ती असा एकेक आकार, पाणी किती राहिलंय त्याप्रमाणे रंग, आणि आकारात नाव.

हा नकाशा संगणकावर लहान-मोठा करता यायला हवा होता. मी जो पहिला केला त्यात एक खोट होती. पडद्यावरची खिडकी कोपऱ्याला धरून ओढली की गावांचे आकार वाढायचे, नावं मात्र होती तेवढीच राहायची. खिडकी आवळली की आकार आक्रसायचे आणि नावं एकमेकांच्या अंगावर चढायची, बाजाराच्या दिवशी जीपमध्ये बसल्यासारखी. साहेब म्हणाले, नाव आकाराच्या मापानं लहान-मोठं झालं पाहिजे. मी सोपा मार्ग काढला. आकाराभोवती चौकट धरायची, तिची रुंदी मोजायची, नावाची लांबी मोजायची, भागाकार करायचा, आणि जो आकडा येईल त्यानं अक्षर लहान किंवा मोठं करायचं.

काकांनी पडद्याजवळ खुर्ची ओढली. एक गाव नदीच्या वळणाला धरून कोयत्यासारखं वाकडं होतं. त्याची चौकट मोठी, पण चौकटीच्या मधोमध त्या गावाची जमीनच नव्हती. नाव शेजारच्या गावात जाऊन पडलं होतं.

"यांचं नाव त्यांच्या शेतात कशाला?" काकांनी विचारलं.

त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेची एक पट्टी कापली, नावाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणात. छापलेल्या नकाशावर ती त्या वाकड्या आकाराच्या आत सरकवू लागले. इथं बसते का, तिथं बसते का. बसली नाही की पट्टी थोडी लहान कापायची. शेवटी कोयत्याच्या मुठीशी ती नीट बसली. "चौकट तू घातलीस," ते म्हणाले. "गाव आतून मोज."

मला पंधरा दिवस लागले. काका पत्रिकेच्या पट्टीनं जे करत होते तेच मी संगणकाकडून करवून घेतलं. आकाराच्या आत ठिकठिकाणी नाव ठेवून बघायचं आणि जिथं सगळ्यात मोठं मावेल तिथं लिहायचं. त्याच सुमारास एक दुसरं काम आलं होतं. शहराचं नाव बदललं होतं, आणि सगळ्या नकाशांवर औरंगाबादच्या पाच अक्षरांच्या जागी छत्रपती संभाजीनगरची दहा बसवायची होती. आकार तोच. ऑफिसात नावाच्या दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं होती. काका कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत, पट्टी घेऊन बसले. माझ्या नव्या रचनेत ते नाव दोन ओळींत आपोआप बसलं. काकांनी सहा पावलं मागं जाऊन एक डोळा मिटला आणि दोन्ही ओळी वाचल्या. मग स्वतः माउस हातात घेतला. खिडकीचा कोपरा ओढायचे, शहर मोठं, नाव मोठं. आवळायचे, शहर लहान, नाव लहान. बराच वेळ ते तेच करत होते. चहा गार झाला.

"आमच्या वेळी हे असतं तर," ते म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

मग त्यांनी तालुक्याचा नकाशा उघडला, खिडकी अगदी लहान केली आणि हात थांबवला. मोठी गावं वाचता येत होती. वस्त्यांच्या जागी मुंग्या बसल्या होत्या.

"हे वाचता येत नाही."

"खिडकी मोठी केली की येतं, काका."

"कागद मोठा करता येतो का?" त्यांनी कपाटातून आपला जुना, पिवळा पडलेला एक नकाशा काढून टेबलावर पसरला. त्याचा सगळा समास बारीक, सुबक नावांनी भरलेला होता, आणि प्रत्येक नावापासून केसाएवढी रेघ निघून आपापल्या ठिपक्यापर्यंत गेली होती. एकही रेघ दुसरीला ओलांडत नव्हती. "मावत नसेल तर बाहेर लिही आणि रेघ ओढ. आकार लहान झाला म्हणून वस्ती लहान होत नाही."

मी म्हणालो, करतो.

करायला बसलो तर ते जमेना. रेघा एकमेकींना छेदायच्या, दुसऱ्याच्या नावावरून जायच्या. माझी परीक्षा तोंडावर आली होती. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली. अक्षर अमुक मापापेक्षा लहान होत असेल तर नाव लिहू नये. एवढीच ओळ. मुंग्या गेल्या. पडदा स्वच्छ दिसू लागला. साहेब मागून जाताना थांबले आणि म्हणाले, आता कसं मोकळं वाटतंय. मीही स्वतःला समजावलं की हे तात्पुरतं आहे, परीक्षा झाली की रेघांचं करू.

काकांनी दोनदा विचारलं, लहानांचं काय केलंस? मी दोन्ही वेळा म्हणालो, चाललंय.

भिंतीएवढा मोठा नकाशा छापून आला तेव्हा त्यात सगळी नावं होती. कागदच एवढा मोठा की कुठलंच अक्षर त्या मापाच्या खाली गेलं नव्हतं. काकांनी दोन दिवस घेऊन प्रत्येक नाव वाचलं, आणि कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही केली. ती सही आम्ही संगणकातल्या नकाशातही घातली.

पुढच्या रविवारी साहेबांचा फोन आला. तालुक्याला तोच नकाशा लहान हवा होता, फायलीत मावेल असा, आजच्या आज. काका बसस्थानकावर होते. त्यांना फोन करता आला असता. ते रेघांचं विचारतील म्हणून मी केला नाही. खिडकी आवळली, छापलं, पाठवून दिलं. माझी ती ओळ गावांच्या नावांसाठी होती, सही तिच्यात येत नव्हती. त्यामुळं लहान नकाशावर कित्येक वस्त्यांची नावं गेली आणि काकांची सही मात्र राहिली.

टँकरच्या फेऱ्या लिहिणाऱ्या माणसापुढं तो लहान नकाशा होता. ज्या आकारात नाव नाही तो त्यानं शेजारच्या गावाचाच भाग धरला. एका वस्तीचा टँकर अकरा दिवस डोंगराच्या अलीकडच्या गावात रिकामा होत राहिला. वस्तीतल्या बायका जुन्या विहिरीत उतरून पाणी आणू लागल्या. एक म्हातारी पायरीवरून घसरली, तिचं कंबरेचं हाड मोडलं.

हे आम्हाला कळलं ते त्या वस्तीचीच सात-आठ माणसं ऑफिसात येऊन उभी राहिली तेव्हा. तालुक्यावरून त्यांना सांगितलं होतं, तुम्ही नकाशात नाही, नकाशा करणाऱ्यांना विचारा. पुढं एक फेटा बांधलेला म्हातारा. त्यानं घडी केलेला कागद साहेबांच्या टेबलावर उलगडला. बोलणं माझ्या वडिलांचंच वाटावं असं.

"आम्ही कुठं हाव ह्यात?" त्यानं विचारलं आणि कागदावर बोट ठेवलं. "ह्यो आमचा वढा. ह्यो डोंगर. इथं आमची घरं. रंग दिलाय तुम्ही, नाव नाय दिलं. नाव नाय म्हणून पाणी नाय, म्हणतेत तिकडं. मग अकरा दिवस आम्ही काय पिलो, ते बी लिहा की ह्यात."

काकांनी चष्मा नाकावर ओढला. कागद बघितला. मग भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी जाऊन तीच जागा बघितली. तिथं नाव होतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हे तपासलं कुणी होतं?" साहेबांनी विचारलं.

मला बोलायचं होतं. वाक्यही तयार झालं होतं. पण साहेबांनी मला परीक्षेनंतर कायम करायचं कबूल केलं होतं. ते गेलं असतं तर मला गावाकडं जावं लागलं असतं, मेंढ्यांमागं, आणि घरात पहिला कॉलेजात गेलेला हे सगळं तिथंच संपलं असतं. हे मी आता लिहितोय तेवढ्या सरळपणे तेव्हा मनात आलं नाही. तेव्हा फक्त जीभ उचलली नाही.

"सही माझी आहे," काका म्हणाले.

साहेब काहीतरी बोलू लागले, नजर, वय, अशा अर्थाचं. काकांचं लक्ष तिकडं नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि विचारलं, "बाबा, वस्तीला तुम्ही काय म्हणता? घरी, आपसात." म्हाताऱ्यानं सांगितलं. काकांनी परत म्हणायला लावलं. मग टेबलावर वाकून त्या लहान नकाशाच्या समासात ते नाव लिहिलं आणि तिथून पट्टीनं रेघ ओढून त्या आकारापर्यंत आणली. ऑफिसातल्या उरलेल्या प्रतींवरही तेच केलं. शिवाय मोठा नकाशा समोर ठेवून ज्यांची नावं गळाली होती त्या सगळ्या वस्त्या एकेक करून लिहिल्या. दुपार त्यातच गेली. माणसं प्रती घेऊन तालुक्याला गेली. दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर पोचल्याचा फोन आला, पण तो घ्यायला काका नव्हते. आदल्या संध्याकाळीच साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, आता आराम करा.

त्यांनी पट्टी रुमालात गुंडाळली, भिंग खिशात घातलं, डबा घेतला. मी त्यांच्यामागं जिन्यापर्यंत गेलो.

"काका," मी म्हणालो.

ते दोन पायऱ्या उतरून थांबले. "ती ओळ काढून टाक," म्हणाले.

ओळीबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

मी ती काढली. मग आठ दिवस कॉलेज बुडवून रेघांचं काम केलं, त्यांचा पिवळा नकाशा समोर ठेवून. तो त्यांनी ऑफिसातच ठेवला होता. एकही रेघ दुसरीला ओलांडत नाही अशी रचना जमली. आज त्या ऑफिसात कुठलाही नकाशा कितीही लहान केला तरी नाव गळत नाही, बाहेर येऊन उभं राहतं. साहेबांनी मला कायम केलं. पुढं मी एमएस्सीला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी दिलेल्या दाखल्यावर लिहिलंय, अचूक आणि जबाबदार.

काका शहराच्या छावणी भागात एका खोलीत राहायचे. मी दोनदा छावणीच्या बाजारापर्यंत गेलो. एकदा तर लॅपटॉप बरोबर होता. त्यांना रेघा दाखवायच्या, खिडकीचा कोपरा त्यांना ओढायला द्यायचा, आणि मग साहेबांपुढं जे बोललो नाही ते बोलायचं, असं ठरवलं होतं. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. परीक्षा झाल्यावर जाऊ, दिवाळी झाल्यावर जाऊ. रविवारी बसस्थानकावर ते अजून दिसायचे. वही तीच, चाल थोडी मंदावलेली. आमच्या गाडीपाशी उभं राहून ते लोकांना विचारत असायचे, आणि मी कन्नडच्या गाडीआड थांबायचो. ते गेले की पुढची गाडी पकडायचो. असं दोनदा केलं. तिसऱ्या वेळी मी आधीच गाडीत चढलो होतो. ते येताना दिसल्यावर खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले, आणि आदल्या रात्रीच्या जागरणानं खरंच झोप लागली. जागा झालो तेव्हा गाडी शहराबाहेर होती.

परवा गावाकडं निघालो. बऱ्याच महिन्यांनी जात होतो. गाडीवर तोच मिशीवाला कंडक्टर. गर्दी ओसरल्यावर तो माझ्याकडं आला आणि तिकीट फाडायच्या आधीच म्हणाला, "लिंबच ना?" आमच्या वस्तीची वाट पक्क्या रस्त्याला जिथं मिळते तिथं एक कडुनिंब आहे. हात केला की गाडी थांबते. मी कायम लिंबच म्हणत आलोय.

मी मान हलवली. तो तिथंच रेलून उभा राहिला.

"ते पट्टीवाले काका यायचे ना फलाटावर. गेले ते. उन्हाळ्यातच. छावणीत माझी बहीण राहती, तिच्या गल्लीत होते. चार दिवस पडून होते म्हणं, मग गेले."

त्यानं तिकिटांच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातून घडी पडलेला एक पारदर्शक कागद काढला, तळहाताएवढा. "हे माझ्याकडं राहिलं. पिशोरकडचं कुणी भेटलं तर इचारा म्हणले होते."

मधोमध पिशोर होतं. भोवती चार बारीक आकार, आणि चौघांपासून निघालेल्या चार रेघा. तीन रेघांच्या टोकाला आमच्या बाजूच्या तीन वस्त्यांची नावं होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत बसवलेल्या त्या अक्षरात. चौथी रेघ ओढ्याच्या वळणावरून निघाली होती. तिच्या टोकाला जागा सोडलेली होती.

"ह्याच्यावर अडलं होतं बघा," कंडक्टर म्हणाला. "मी म्हणलं, तिथं लिंब हाय, लिहा लिंब. तर म्हणले, ते तुमच्या थांब्याचं नाव झालं, जनाब. तिथली माणसं काय म्हणतात? म्हणलं, तिथला एकच पोरगा शहरात येतो-जातो, कवा बोलत नाय कुणाशी. तुम्ही होता की त्या दिवशी गाडीत. ह्याच खिडकीला झोपला होता. मी म्हणलं, उठवतो अन् इचारतो. काकांनी खालून वाकून बघितलं तुमच्याकडं. लई वेळ बघितलं. मग म्हणले, झोपू द्या. सांगेल तो."

त्यानं शर्टाच्या खिशातला पेन काढून टोपण उघडलं. कागद बॅगेवर सपाट धरला.

"मग काय म्हणता तुम्ही वस्तीला?"

"वाघरवस्ती," मी म्हणालो.

"जरा मोठ्यानं बोला, भाऊ," तो म्हणाला. "गाडीचा आवाज लई हाय."